देवघरातली रायफल

बोरधोंडा पोलीस ठाणे, जिल्हा लातूर (पूर्वीचा जिल्हा उस्मानाबाद). सन १९८५, दसऱ्यानंतरचा तिसरा दिवस.

नाव भीमराव सटवाजी गजभारे, वय ५३ वर्षे, धर्म बौद्ध, धंदा शेती व फौजेची पेन्शन, राहणार मौजे बोरधोंडा, तालुका अहमदपूर. गावात मला भीमा म्हणतात. कागदावर भीमराव लिहावे.

समक्ष ठाण्यात हजर होऊन सांगतो की, मी वरील ठिकाणी पत्नी सुमनबाई हिच्यासह राहतो. मुलगी लग्न होऊन हदगावला दिली आहे. मी फौजेत हत्यारे दुरुस्त करण्याच्या खात्यात होतो. हवालदार या हुद्द्यावर निवृत्त झालो. मला लिहिता, वाचता येते. अंगठा देणार नाही, सही करीन.

माझ्यावर आरोप असा आहे की, मी पाटलांच्या रायफलीसाठी काडतुसे भरताना विहिरीच्या सुरुंगाची दारू वापरली, त्यामुळे दसऱ्याला रायफल फुटली आणि व्यंकटराव पाटील यांचा डावा हात मनगटापासून गेला. ही फिर्याद त्यांचे धाकटे बंधू नरसिंगराव यांनी दिली आहे. मी रागाच्या भरात धमकी दिल्याचेही त्यात आहे. फिर्याद मला ठाण्यात वाचून दाखवली. त्यातली एकच गोष्ट खरी आहे. काडतुसे मी भरली होती. परवाना नसता काडतूस भरणे हा गुन्हा आहे हे मला माहीत आहे, आणि त्याची जी काय शिक्षा असेल ती मी घेईन. हात गेला त्याची शिक्षा मात्र माझ्या गळ्यात घालू नये.

व्यंकटराव व मी एका वयाचे. रायफल त्यांच्या वडिलांच्या काळची, निजामाच्या राज्यात घेतलेली, विलायती. लांबच्या शिकारीची आहे. तिची काडतुसे बाजारात येणे कधीच बंद झाले. नांदेडच्या दुकानदाराने मापाचा आकडा ऐकूनच हात जोडले होते. मी फौजेतून परत आलो तेव्हा ती वाड्याच्या माडीवर पोत्यात गुंडाळून पडली होती. सोबत रिकामी पितळी टरफले डबाभर होती.

दुष्काळाचे हे ओळीने दुसरे साल आहे. माळावर चरायला काही राहिले नाही तेव्हा रानडुकरांचे कळप विहिरीखालच्या पिकांत शिरू लागले. गावात विहिरीला पाणी असलेली शेते मोजकीच, त्यात व्यंकटरावांचे मळे आणि माझे एक एकर. माझी ज्वारी एका फेरीत आडवी झाली. बंदुकीच्या परवान्यासाठी मी माजी सैनिक म्हणून दुष्काळाच्या आधीच अर्ज केला होता. तो जुन्या जिल्ह्यात दिला, आणि मग नवा जिल्हा झाला. जुन्या जिल्ह्याने सांगितले लातूरला जा, लातूरने सांगितले तुमचा कागद अजून यायचा आहे. तो अजून यायचाच आहे. डुकरांना जिल्हा बदलल्याचे कोणी कळवले नाही, ती येतच राहिली.

हे शेवटचे वाक्य लिहिण्याचे कारण नाही असे जबाब लिहिणारे जमादार मन्मथ यांचे म्हणणे पडले. मी म्हणालो, मग सही होणार नाही. म्हणून ते ठेवले आहे.

व्यंकटराव माझ्याकडे आपणहून आले. माझ्या आखाड्यावर, म्हणजे रानातल्या खोपटात, बाजेवर बसले. म्हणाले, "भीमा, ती रायफल बोलती कर. तुझ्या रानातली डुकरं बी मीच मारून देतो." मी म्हणालो, काडतुसे भरणे हे पोरखेळाचे काम नाही, सावकाश होईल, आणि माझ्या पद्धतीने होईल. ते म्हणाले, "तू सांगशील तसं." इथपर्यंत सर्व ठीक होते.

गावतळे आटून त्याची भेगाळलेली जमीन उघडी पडली होती. या काठावरून समोरच्या पाळूपर्यंत, म्हणजे तळ्याच्या बांधापर्यंत, लांबलचक सपाटी, मध्ये ना झाड ना माणूस, आणि पलीकडे गोळी गिळायला मातीची उंच पाळू. दुष्काळाने गावाला दिलेली तेवढीच एक चांगली वस्तू. पाळूला चुन्याचा ठिपका काढून आम्ही तिथे रायफल लावायला बसलो. ऊन तापले की जमीन वाफाळते आणि ठिपका पाण्यावर तरंगल्यासारखा हलतो, म्हणून सकाळीच जायचो.

पहिल्या वेळेस गोळ्या पाळूभर पांगल्या. व्यंकटरावांना वाटले नेम चुकतो. नेम त्यांचा चांगला आहे, तो मी कधी नाकारला नाही. खोट टरफलांत होती. जुनी टरफले एकसारखी नव्हती, काही ताणलेली, काही जाड. मी ती निवडली, कडक झालेल्यांची तोंडे मऊ केली, लांबी कानसून एक केली, ज्यांच्या बुडाशी बारीक चीर दिसली ती बाजूला टाकली. मग दारूचे माप. त्यासाठी मुखेडच्या गुरुपादप्पा सोनारांकडून जुना काटा आणला. लहान भारापासून सुरुवात केली आणि गुंजेच्या अंशाने वर चढत गेलो. प्रत्येक मापाची थोडी काडतुसे भरायची, ती झाडायची, पाळूवर जाऊन भोके बघायची, टरफलाचे बूड बघायचे, आणि मगच पुढचे पाऊल. घाई केली की हत्यार माणसाला खाते. व्यंकटराव कधी कंटाळले नाहीत. एवढा जमीनदार माणूस तळ्याच्या भेगांतून माझ्यामागे येऊन भोके मोजायचा, तेव्हा मला त्यांच्याविषयी माया वाटायची. हे मी सांगितले कारण ते खरे आहे, आता त्याचा उपयोग नसला तरी.

दारू कुठली, असे फौजदार साहेबांनी दोनदा विचारले. व्यंकटरावांच्या परवान्यावर मागे घेतलेला बंद डबा होता, तोच वापरला. सुरुंगाची दारू नव्हे. गावात सध्या दर दुसऱ्या विहिरीत सुरुंग लागतो आहे, ती दारू कोणालाही मिळते, हे खरे. पण ती रायफलीत घालणारा पहिल्याच बाराला रायफलीसकट जातो. मी असे करीन असे नरसिंगरावांना वाटले याचे मला नवल नाही. ते आम्हाला तेवढेच ओळखतात.

शेवटी एक भार असा सापडला की, ओळीने मारलेल्या गोळ्या पाळूवर एका वाटीखाली झाकता येतील इतक्या जवळ पडल्या. व्यंकटरावांनी खरोखर कमरेची पाणी प्यायची वाटी काढून त्यावर पालथी घातली. लहान मुलासारखे हसत होते. म्हणाले, "उस्ताद, आता रतीभर बी हिकडं तिकडं करू नगंस." तळ्यात आम्ही दोघेच असलो की ते मला उस्ताद म्हणत. वेशीच्या आत आलो की भीमा. मीही त्यांना मालक म्हणत नसे, व्यंकटराव म्हणायचो, आणि ते खपवून घेत. या गावात एवढे पुष्कळ समजायचे असते.

माझी एकच अट होती. प्रत्येक बाराच्या आधी मागचा खटका, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा दांडा, काढून नळी उजेडाकडे धरायची आणि आरपार बघायचे. पलीकडे रुपयासारखा गोल उजेड दिसला तरच काडतूस आत घालायचे. मातीचा खडा, गांधीलमाशीचे घर, चिंधीचा धागा, नळीत काहीही चालत नाही. गोळीला वाट मिळाली नाही तर ती नळीच फाडते, मग काडतूस कोणाच्याही हातचे असो. व्यंकटराव गमतीने विचारायचे, "बघितलास का उजेड?" मी म्हणायचो, बघितला. मग ते बार काढायचे. त्या रायफलीने दीड वर्षात पुष्कळ डुकरे पडली. त्यांच्या मळ्यातली पडली, माझ्याही रानातली पडली. एकदाही टरफल अडकले नाही.

आता दसऱ्याचे सांगतो.

पाटलांच्या घरी घट बसले की हत्यारे देवघरात जातात. व्यंकटरावांच्या मातोश्री पार्वतीबाई यांच्या हाताने ती पुजली जातात. तलवार, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, बंदुका. नऊ दिवस बंदुकीचे तोंड उघडे ठेवायचे नाही अशी त्या घरची रीत आहे. तोंडात हळकुंड बसवतात आणि वरून पिवळा दोरा गुंडाळतात. सीमोल्लंघनाला निघताना घरचा कर्ता पुरुष ते हळकुंड काढतो, कपाळाला लावतो आणि पटक्यात खोवतो. मी लहानपणी अंगणाच्या बाहेरून हे बघितले आहे.

दरवर्षी सीमेवर बार काढत ती रायफल नव्हे, ठासणीची बंदूक. तिचे तोंड मोठे. हळकुंड सैल बसायचे, काढले की निघायचे, आणि बारही नुसत्या दारूचा. त्यात धोका नव्हता. यंदा ती ठासणीची बंदूक याच ठाण्यात जमा आहे. जिल्हा वेगळा झाल्यावर रायफलीचे कागद लातूरला आले आणि बंदुकीचे आले नाहीत, म्हणून ती जमा करून घेतली. ती समोरच्या कपाटात आहे, मला इथून दिसते. म्हणून यंदा सीमेवर रायफलीचा बार काढायचे ठरले. नुसत्या आवाजाची काडतुसे तिच्यासाठी नव्हती, म्हणून तळ्याच्या पाळूवर खरी गोळी झाडायची असे ठरले.

व्यंकटरावांनी मला घट बसायच्या आधी काडतुसे मागितली. मी पाच भरून दिली, सर्व त्याच वाटीखालच्या भाराची. देताना म्हणालो की, हत्यार नऊ दिवस देवघरात राहणार, बार काढायच्या आधी नळी मला बघू द्या. ते म्हणाले, "बघशील की. तुझ्याबिगर बार निघतो का?" त्या वेळी नरसिंगराव तिथे होते. त्यांना आता आठवत नसेल.

ती पाचही काडतुसे पूजेच्या ताटात ठेवली होती. माझ्या हातची काडतुसे देवापुढे चालतात. पार्वतीबाईंना मागे एका रिकाम्या टरफलाचा कुंकवाचा करंडा मी करून दिला होता, तोही देवघरात आहे. त्याच मला म्हणाल्या होत्या की, पितळ हाय, चिंचेनं घासलं की झालं. तेव्हा मी हसलो होतो.

दसरा हा आमचा धम्मदीक्षेचा दिवस. मी पांढरे कपडे घालून विहारात वंदनेला निघालो होतो. वाटेत पाटलांच्या दारी थांबलो, कारण शब्द तसा ठरला होता. अंगणात पाट मांडला होता, पाटावर रायफल, तिला झेंडूच्या माळा. गाव जमा झाले होते. पार्वतीबाई ओवाळत होत्या. व्यंकटराव नवा पटका बांधून उभे होते. मी अंगणाच्या पायरीजवळ उभा राहून म्हणालो, "व्यंकटराव, हळकुंड काढा आणि नळी माझ्याकडं द्या. बघतो आणि जातो."

नरसिंगराव म्हणाले, "आज तिला हात न्हाई लावायचा भीमा. पूजा झाली हाय." मी त्यांच्याकडे बघितले नाही. मी व्यंकटरावांकडे बघत होतो. ते आईकडे बघत होते. पार्वतीबाईंनी ताट छातीशी धरले. मग व्यंकटराव हलक्या आवाजात म्हणाले, "आज न्हाई भीमा. आज ती देवाची हाय. उद्यापासून तुझीच की."

मी म्हणालो, "मग तुम्ही तरी बघा. खटका काढून उजेडाकडं धरा." नरसिंगराव म्हणाले, "पुजलेलं हत्यार खोलून दाखवायचं काय सगळ्या गावाला? जा तू तुझ्या कामाला." कोणीतरी हसले. कोण ते मी सांगणार नाही.

तेव्हा मी म्हणालो, "उडवा मग तुमच्या देवाच्या नावानं." हेच शब्द फिर्यादीत धमकी म्हणून आले आहेत. शब्द माझे आहेत. ती धमकी नव्हती. मला अपमान वाटला होता, भर अंगणात, पांढऱ्या कपड्यांत. ज्या रायफलीचा प्रत्येक खिळा माझ्या हातून गेला तिला एका दिवसापुरता मी चालेनासा झालो होतो. राग आला आणि मी निघून गेलो. तिथेच पाय रोवून उभा राहायला हवे होते. पाटावरची रायफल हिसकावून घेतली असती तर आज माझ्यावर दुसरा गुन्हा दाखल असता, डोके फुटले असते, वस्तीवर दगड आले असते. पण त्या माणसाचा हात राहिला असता. दवाखान्यातून आल्यापासून मी याशिवाय दुसरा विचार केलेला नाही.

विहारात वंदना चालू असताना बार ऐकू आला. रायफलीचा बार कोरडा, तुटक असतो. हा फाटका आला. मी वंदना अर्धी सोडून पळालो.

व्यंकटराव सीमेवरच्या आपट्याखाली पडले होते. रायफल पुढच्या लाकडापाशी, जिथे डावा हात धरतात तिथे, नळीच्या दोन्ही बाजूंनी उकललेली होती. हाताची स्थिती पंचनाम्यात आहे, मी पुन्हा सांगत नाही. मी माझा सदरा फाडून दंडाला आवळून बांधला. सोसायटीच्या जीपमध्ये त्यांचे डोके माझ्या मांडीवर होते. नांदेडच्या दवाखान्यापर्यंत तसेच होते. सोबत नरसिंगराव व गावचे आणखी दोघे होते. वाटेत कोणी काही हरकत घेतली नाही.

व्यंकटराव शुद्धीवर होते. जीपमध्ये ते एकदाच बोलले. म्हणाले, "उस्ताद, उजेड बघायचा राहिला." हे नरसिंगरावांनीही ऐकले आहे. त्यांना शपथेवर विचारावे.

त्यांच्या पटक्यात खोवलेले हळकुंड मी दवाखान्यात बघितले. कंपाउंडरने पटका काढून माझ्याकडे दिला तेव्हा ते खाली पडले. एका टोकाला दोरा होता, दुसरे टोक मोडलेले, ताजे, आत पिवळेधमक. हळकुंड बोटभर लांब असते, हे निम्मे होते. निम्मे नळीत राहिले. माझा अंदाज असा की, घटाला रोज पाणी शिंपडतात, रायफल घटाला लागूनच उभी होती, नऊ दिवसांत हळकुंड ओलीने फुगले. ठासणीच्या बंदुकीत फुगायला जागा होती, रायफलीच्या नळीत नव्हती. ओढताना ते मोडले. मग रायफल खांद्यावर घेऊन, तोंड वर करून मिरवत सीमेपर्यंत नेली, तेव्हा ओढाओढीत सैल झालेला मोडका तुकडा हिसक्यांनी आत खाली सरकला आणि मध्येच अडकला. नऊ दिवसांचे तूप आणि कुंकू वेगळेच. एकदा नळी उजेडाकडे धरली असती तर पोरालाही दिसले असते. ते निम्मे हळकुंड मी कागदात बांधून आज फौजदार साहेबांकडे दिले आहे.

काडतूस दोषी असते तर रायफल मागे, खटक्यापाशी फुटली असती आणि चेहरा गेला असता. ती मागे शाबूत आहे. मी सांगितल्यावर पंचांसमोर खटका उघडला, तेव्हा टरफल अख्खे निघाले, बुडाची ठोक्याने पेटणारी टोपीही जागेवर होती. पाचपैकी चार काडतुसे शिल्लक आहेत. ती सरकारने खोलावी, दारू तपासावी, काट्यावर तोलावी. चारही सारखी निघतील.

आता एक गोष्ट, जी जमादारांनी न लिहिण्याचा सल्ला दिला होता. ती लिहावी असा माझा आग्रह आहे.

काल संध्याकाळी व्यंकटरावांच्या पत्नी तारामतीबाई आमच्या घरी आल्या. लग्न होऊन या गावात आल्यापासून त्या वस्तीत कधी आल्या नव्हत्या. माझ्या पत्नीने पाणी दिले, ते त्या प्याल्या. त्या नांदेडहून व्यंकटरावांचा निरोप घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "दादा, त्यांनी दवाखान्यात जबाब दिलाय, काडतूस खराब निघालं म्हणून. तुमी बी तसंच सांगा. वकील आमी देऊ, पेन्शनीला धक्का लागू देणार न्हाई. आत्याबाईला हळकुंडाचं कळलं तर त्या अन्नपाणी सोडून मरतील. माझ्या हातानं लेकाचा हात गेला म्हणतील." मग त्या रडल्या. सुमनबाईही रडली.

मी विचारले, "व्यंकटरावांना ठाऊक हाय ना, काडतूस चांगलं होतं?" त्या म्हणाल्या, "ठाऊक हाय. म्हनून तर तुमच्याकडं धाडलं. तुमच्याशिवाय कुणाला सांगनार?"

त्या गेल्यावर सुमनबाई म्हणाली, "म्हातारीसाठी सांगून टाका की." मी तिच्यावर ओरडलो. आमच्या लग्नानंतर असा ओरडलो नव्हतो. मला असे वाटले की, त्या माणसाने पुन्हा एकदा आईकडे बघितले आणि मला म्हणाला, आज न्हाई भीमा. फरक एवढाच की, या वेळी उद्यापासून काय माझे राहणार ते त्यांनी सांगितले नाही.

माझे उत्तर या जबाबात आहे. काडतूस चांगले होते. ते मी भरले होते, आणि मी आयुष्यात जे काही नीट केले त्यात ते आहे. ते खराब होते असे मी लिहून देणार नाही, व्यंकटरावांसाठीही नाही, आणि त्यांच्यासाठी मी पुष्कळ काही केले असते. पार्वतीबाईंचा यात दोष नाही. त्यांनी रीत पाळली. हळकुंड दरवर्षी लागत होते, आणि यंदाही लागले म्हणून कोणाचा हात जायचे कारण नव्हते. नळी बघणारा माणूस दारात उभा होता. त्याला हात लावू दिला नाही, म्हणून हात गेला. हेच कारण कारणाच्या जागी लिहावे, दुसरे लिहू नये.

फौजदार साहेबांना माझी विनंती आहे की, हा जबाब पार्वतीबाईंसमोर वाचू नये. कोर्टात काय व्हायचे ते होईल, पण घरी जाऊन कोणी त्यांना सांगू नये. तो करंडा त्यांनी वापरावा.

जबाब संपत आला तेव्हा फौजदार साहेबांनी मुद्देमालातली रायफल आणवली आणि ओळखण्यासाठी माझ्या हातात दिली. नरसिंगराव समोरच्या बाकावर बसलेले होते. पट्ट्यात झेंडूची एक पाकळी वाळून अडकली होती. रायफल तीच आहे, मी ओळखली. सवयीने माझ्या हातून खटका निघाला आणि मी नळी खिडकीकडे धरली. उजेड गोल दिसला नाही, फाटलेला दिसला, आणि फाटलेल्या कडेला आत पिवळे लागले होते, ते मी साहेबांना दाखवले. मी रायफल बराच वेळ हातात धरून होतो. या वेळी नरसिंगरावांनी हरकत घेतली नाही.

हा जबाब जमादार मन्मथ यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. नंतर कागद मागून घेऊन मी स्वतः पुन्हा वाचला. जे सांगितले तेच उतरले आहे, काही गाळलेले नाही, काही वाढवलेले नाही. बरोबर आहे म्हणून सही करतो.

भीमराव सटवाजी गजभारे
माजी हवालदार

समक्ष: फौजदार, बोरधोंडा पोलीस ठाणे